हातून झालं

३ मार्च
कायदा झाला! वकीलबाईंचा फोन आला तेव्हा कॉलर शिवत होते, सुई बोटात गेली. अठराच्या आत खून केलेल्यांना, जन्मठेप असली तरी, आता पॅरोल मंडळापुढे सुनावणी मिळणार. सोळाव्या वर्षी आत गेलेलं माझं पोर तेहतिशीचं झालंय. हसावं की रडावं कळेना. दुधाने तोंड पोळलंय, ताकही फुंकून पितेय.

१९ मार्च
वकीलबाई म्हणाल्या, “मंडळाला एकच ऐकायचंय. ‘मी मारलं.’ ‘माझ्या हातून झालं’ असलं चालणार नाही.”
मी म्हटलं, आमच्या घरात असंच बोलतात. कप कुणी फोडत नाही, हातून फुटतो. मीच लावलेली सवय.
“ताई, तो कप नव्हता, त्याचा मित्र होता.” बाई फटकळ, पण खरं तेच. पोराकडून ते वाक्य घोटून घेतलंय म्हणे, आता न अडखळता म्हणतो. मी कधी ऐकलं नाही. भेटीत आम्ही “ते झालं तेव्हा” एवढंच बोलतो.

२ एप्रिल
“सुनावणीला घरचे नाही आले तरी चालतं,” वकीलबाई म्हणाल्या. वा! पोराला एकटं उभं करू? भांडून परवानगी काढली.
त्याच्यासाठी शर्ट बेतला, नजरेच्या मापाने. भेटीच्या काचेतून टेप कुठली लावणार? दुकानातले मास्तर म्हणाले, “खांदे एवढे रुंद?” म्हटलं, पोरगा वाढला हो माझा. मग मशीनवरच रडले.

९ एप्रिल
सुनावणी. मी पहिल्या रांगेत. पलीकडे त्या गेलेल्या मुलाचे वडील — थकलेत फार.
अध्यक्षांनी विचारलं, “त्या दिवशी काय केलंस?”
त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. मग — “माझ्या हातून... झालं.”
वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण कुठल्या तोंडाने?

१० एप्रिल
नामंजूर. “गुन्ह्याची जबाबदारी घेत नाही.” पुन्हा पाच वर्षांनी. तोवर मी असेन का?
शर्ट मात्र खांद्यात नेमका बसला होता.

११ एप्रिल
कामावर गेले नाही.

१४ एप्रिल
तुरुंगातून त्याचा फोन. राहवलं नाही, बोलले — एवढं घोटलं होतंस, एक वाक्य आलं नाही तुला?
म्हणाला, “येत होतं गं आई. तू समोर बसली होतीस.”