मनोऱ्याची चौथी बाजू

प्रिय आप्पा,

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. जोडाक्षरं टाळता आली नाहीत. अडलात तर थांबा आणि पुन्हा वाचा, पण दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नका. पहिलीत माझ्या पाटीवर तुम्हीही माझ्या शेजारी बसून अक्षरं गिरवत होतात आणि 'ळ' तुम्हाला माझ्याआधी जमला होता. तेव्हा हेही जमेल.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही थट्टा करून विषय उडवता. मागच्या महिन्यात तेच केलंत. "पुढचे दात काढले, मैना. आता फुंकर मारली की वारा निसटतो आणि सूर घरीच राहतो. मास्तर रिटायर!" असं म्हणून हसलात. मागून आई ओरडली, "हसू नका, टाके तुटतील." मीही हसले. मग फोन ठेवला आणि मी राहते त्या केर्स्टिन मावशींच्या घराच्या जिन्यात बसून राहिले. शाळेची पायरी न चढता बँडमुळे अख्ख्या तालुक्याचा मास्तर झालेला माणूस म्हणून आपण घरात तुम्हाला किती चिडवायचो. पण ट्रंपेट खाली ठेवलेले आप्पा काही केल्या माझ्या डोळ्यांसमोर येईनात.

त्याच आठवड्यात इथेही एक ट्रंपेट बंद पडला, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

नाताळच्या संध्याकाळी आमच्या गावात चर्चच्या मनोऱ्यावरून वाजवतात. मनोऱ्याच्या चारही बाजूंना जाऊन एकच जुनं स्तोत्र एकेकदा. ते वाजल्याशिवाय कोणाच्या घरी झाडावरचे दिवे लागत नाहीत आणि बटाट्याचं सॅलड टेबलावर येत नाही. वाजवणारा ताफा केर्स्टिन मावशींच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या ओपांचा. ओपा म्हणजे आजोबा. नाव सिग्मार, पण घरात त्यांना नावानं हाक मारायची कोणाची छाती नाही. ते स्वतः ट्रॉम्बोन वाजवतात. बेकरीवाला, शाळेतल्या एक बाई, असे आणखी दोघं. आणि सूर ज्याच्यावर उभा असतो तो पहिला ट्रंपेट गॉटहार्ड आजोबांचा. त्यांनीही या शरदात दात काढून कवळी बसवली, आप्पा. तुम्ही दोघांनी ठरवून केल्यासारखं.

ताफ्याचा सराव आमच्या स्वयंपाकघरात चालतो, कारण तिथली शेगडी सगळ्यात गरम. त्या दिवशी मी आणि केर्स्टिन मावशी बटाटे सोलत होतो. गॉटहार्ड आजोबांनी ट्रंपेट तोंडाला लावला आणि नुसतं फुस्स झालं. पुन्हा फुस्स. ओपा म्हणाले, "गॉटहार्ड, हे स्तोत्र आहे की सायकलची ट्यूब?" ते म्हणाले, "ट्यूबचं पंक्चर तरी निघतं रे. या कवळीचं काय करू?" सगळे हसले. ओपांनी आपला ट्रॉम्बोन पेटीत ठेवला आणि म्हणाले, "यंदा मनोरा गप्प राहील." केर्स्टिन मावशींनी सोलायचं थांबवलं. त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून मनोरा कधी गप्प राहिला नव्हता.

मंडळी अंगणात विड्या ओढायला गेली. ट्रंपेट टेबलावर तसाच होता. मला टेबल पुसायचं होतं म्हणून तो उचलला, आणि पुढचं माझ्या हातांनी परस्पर केलं. चावी दाबून आतलं पाणी काढलं आणि नळी मोकळी झाली का ते बघायला एक फुंकर मारली. वरातीहून आलात की तुम्ही ट्रंपेट माझ्या हातात द्यायचात आणि बूट काढायला बसायचात, तेव्हा मी हेच करायचे. तुम्ही विचारायचात, "झाली का मोकळी?" आणि मी ती फुंकर जितकी लांबवता येईल तितकी लांबवायचे. तुम्ही लग्नाच्या सुपारीवर बाहेर गेलात की तुमचा जुना, पोचे पडलेला ट्रंपेट गोधडीत तोंड घालून वाजवायचे. आईला माहीत होतं. ती दार लावून घ्यायची. मुलींनी वाजवायचं नाही असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, आप्पा. मी कधी विचारलंच नाही, म्हणून तुम्हाला म्हणावं लागलं नाही.

तर ती फुंकर इथेही लांबली. ओपा दारात येऊन म्हणाले, "रेडिओ कोणी लावला?" केर्स्टिन मावशींनी हातातल्या सोलण्यानं माझ्याकडे खूण केली. "ही?" "हीच." ओपांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तीन वर्षं माझ्या घरात राहतेस, रोज माझ्या गोळ्या हातावर ठेवतेस, आणि हे सांगितलं नाहीस?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाही, ओपा." गॉटहार्ड आजोबा इतके हसले की कवळी हातात धरावी लागली.

पहिला ट्रंपेट माझ्यावर आला, आणि माझं नेहमीचं काळजी करणं सुरू झालं. मी त्यांच्या धर्माची नाही, मग त्यांच्या देवाच्या मनोऱ्यावर चढू का? रात्रभर विचार करून सकाळी पाद्रीबाईंना विचारायला गेले. त्या पायऱ्यांवरचा बर्फ खरवडत होत्या. म्हणाल्या, "वाऱ्याला कुठे बाप्तिस्मा लागतो? तुला सूर लागतो का, तेवढं सांग." मग वृद्धाश्रमात माझ्या कामाची पाळी बदलून मिळेल का, याची काळजी. मग आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होईल म्हणून मी सरावासाठी तळघरात बटाट्यांच्या पोत्यांमागे बसू लागले, तरी जिवाला चैन पडेना, म्हणून घरोघरी जाऊन माफी मागून आले. शेजारच्या उल्रिकबाई म्हणाल्या, "तू आहेस होय? आम्हाला वाटलं, सिग्मारनं नाताळसाठी बदक पाळलंय. म्हटलं, कापा बाई त्याला लवकर."

नोटेशन मला वाचता येत नाही. गॉटहार्ड आजोबा कवळी काढून मुठीत धरत आणि एकेक ओळ तोंडानं म्हणून दाखवत, अगदी तुम्ही नव्या पोरांना शिकवता तसं. सूर मला लवकर बसला. अडचण वेगळीच होती. आपल्याकडचा सूर येताना खालून घसरत येतो, जाताना वळून बघतो. माझ्या ओठांना दुसरी रीतच ठाऊक नाही. प्रत्येक ओळीला ओपा पेन्सिल आपटायचे. "सरळ! सरळ ये! देवाच्या घरी माणूस सरळ चालत येतो, कंबर हलवत नाही!" मी सॉरी म्हणायचे आणि पुन्हा घसरायचे. एकदा चिडून म्हणाले, "कोणी शिकवलं हे तुला?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी. ते लग्नात वाजवतात." "बसून?" "चालत. मैलभर. आणि पुढे लोक नाचत असतात." ओपांनी पेन्सिल खाली ठेवली. "नाचतात? आमच्यापुढे लोक खोकतात." पण पुढच्या ओळीला पेन्सिल होतीच.

शेवटच्या दिवसांत मी सरळ वाजवायला शिकले, आप्पा. ओळ सुरू होते तिथे सुरू करायची आणि संपते तिथे सोडायची. सोपं वाटतं, पण मला घाम फुटायचा. एकही सूर चुकला तर अख्ख्या गावाचा सण माझ्यामुळे नासेल, हे एकच डोक्यात. केर्स्टिन मावशी म्हणायच्या, "अगं, निदान जेव तरी. उपाशी पोटानं फुंकलंस तर तूच उडून जाशील."

नाताळच्या संध्याकाळी अंधार पडताना आम्ही मनोरा चढलो. थंडीत ट्रंपेटच्या कळा गोठतात, म्हणून मी तो कोटाच्या आत पोटाशी धरला होता आणि माउथपीस मुठीत. वर वारा असा की डोळ्यांतून पाणी. खाली चौकात अख्खं गाव उभं होतं, हातात कंदील, कोणी बोलत नव्हतं. वरात उठायच्या आधी, तुम्ही ट्रंपेट वर करता तेव्हा सगळे गप्प होतात ना, तसंच. ओपा पुटपुटले, "सरळ." आणि बोट वर केलं.

पहिल्या बाजूला मी सरळ वाजवलं. दुसऱ्या बाजूला सरळ. तिसऱ्या बाजूला वारा समोरून होता, ओठ बधिर झाले होते, तरी सरळ. चौथी बाजू चौकाची. गॉटहार्ड आजोबा खाली अगदी पुढे उभे होते, टोपी काढून, एवढ्या थंडीत. शेवटच्या ओळीला आले तेव्हा माझ्याकडे श्वास शिल्लक होता. शिल्लक श्वास घरी न्यायचा नसतो, असं तुम्ही म्हणता. मी तो शेवटचा सूर खालून उचलला, थोडा खेळवला आणि वर नेला, नवरदेव मांडवाच्या दारात येतो तेव्हा तुम्ही नेता तसा. मी नेला म्हणायचं, पण तोच मला घेऊन गेला. मध्येच माझ्या लक्षात आलं की बाकीचे थांबतील आणि मी एकटी उघडी पडेन. पण ओपांचा ट्रॉम्बोन थांबला नाही. त्यांनी आपला सूर खाली धरून ठेवला, मी परत येईपर्यंत.

इथे कोणी टाळ्या वाजवत नाहीत, तशी पद्धतच नाही. पण खाली कोणीतरी कंदील वर केला. मग दुसरा. मग चौकभर सगळे कंदील डोक्याच्या वर. बेकरीवाला म्हणाला, "हे कधी बघितलं नव्हतं बुवा."

जिना उतरताना ओपा पुढे, मी मागे. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते. मध्यावर ते थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "चौथ्या बाजूला चुकलीस." "हो, ओपा." "पुढच्या वर्षी चारही बाजूंना चुकायचं."

खाली गॉटहार्ड आजोबांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "दात होते तेव्हासुद्धा मी इतकं बरं वाजवलं नव्हतं." मी प्रामाणिकपणे सांगायला लागले की दुसऱ्या बाजूला माझा एक सूर किंचित पडला होता. ते म्हणाले, "गप गं. सणाच्या दिवशी खरं बोलू नये." घरी गेलो, दिवे लागले, सॅलड आणि सॉसेजेस आली. ओपांनी पेला उचलला आणि सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखं देवाचं नाव घेतील. ते म्हणाले, "मैनाच्या बापाला." टेबलावरचे सगळे तुमच्या नावानं प्यायले, आप्पा. मी सरबत प्यायले, आईला सांगा.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते. हर्षदाच्या वरातीला तुम्ही डीजे सांगितलात, हे मला आईकडून कळलं. आपल्या पोरीच्या लग्नात दुसऱ्या कोणाचा ट्रंपेट तुम्हाला ऐकवणार नाही, म्हणून. डीजेवाल्याला नाही सांगा. माझी रजा मंजूर झाली आहे, तिकीट काढलं आहे. बँड आपलाच लागेल आणि पुढे मी चालेन. पोरगी वाजवते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, हे तुम्ही विचाराल. ती काळजी माझ्याइतकी कोणी करत नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि ती मी सगळी करून संपवली आहे. तुम्ही नवरीच्या बापासारखा फेटा बांधा, पण ताफ्याला खूण तुम्हीच द्यायची. आईला म्हणावं, तुमचा बँडचा लाल डगला कमरेत आत घेऊन ठेव. बाह्या तशाच राहू दे. त्या मला बरोबर येतात; इकडे यायच्या आदल्या दिवशी मी तो घालून पाहिला होता.

तुमचीच,
मैना