चमचाभर डाग

मंगळवार, ३ नोव्हेंबर

चौथा गाऊन! आणि अजून दुपारचं जेवण व्हायचंय.

उजवा खांदा झाला, डावा झाला, मानेत ओघळलं, आणि आज तर कानात! माझ्या कानात दूध! हसू की रडू कळेना. पोरगी मात्र एकदम निवांत. पोटभर प्यायची, ढेकर द्यायची, ढेकराबरोबर निम्मा हिशोब चुकता करायचा आणि मग डोळे मिटून अशी पडायची, जणू मोठं काम उरकलं. नवऱ्यानं नाव ठेवलंय कारंजं. खरं नाव ठरेपर्यंत हेच.

एवढी वर्षं ड्रायक्लीनिंगच्या दुकानात लोकांचे डाग काढले. शाई, ग्रीस, रक्त, कॉलरवरची लिपस्टिक (ती आणून देणारे नवरे माझ्याकडे न बघता पावती घ्यायचे). दुकानात सगळे मला डागवाली म्हणतात आणि मला त्याचा अभिमान आहे. आणि आता मीच एक चालताबोलता डाग झालेय.

सासूबाईंचं एकच पालुपद – "सगळं काढलं गं बाई! पोटात काही राहिलंच नाही!"

पहिले चार दिवस मी हसले. आता ते वाक्य ऐकलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

बुधवार, ४ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. मी, कारंजं आणि सासूबाई.

वजन वाढलंय. पण हवं तेवढं नाही.

त्या 'पण'नंतर मी कारंजं छातीशी घट्ट धरलं. डॉक्टरीणबाई शांतपणे विचारत होत्या – जोरात, लांब उडतं का? हिरवं असतं का? रक्त दिसतं का? मी म्हटलं, नाही हो, नुसतं ओघळतं. "त्या वेळी कळवळते?" छे! खूश असते. लंगोट ओले होतात? धुऊन धुऊन बोटं सुरकुतलीत! मग हसल्या. "याला ओकारी नाही म्हणायचं, ही गुळणी. पोटाच्या तोंडाचं झाकण अजून सैल असतं, बाळ मोठं होईल तसं घट्ट होतं. ओकारी वेगळी. तसं काही वाटलं तर वार-वेळ न बघता यायचं."

गुळणी! किती साधा शब्द. माहीत असलेलाच. पण घरात महिनाभर 'ओकते, ओकते' चाललंय, त्यात तो हरवूनच गेला होता.

पाजायला लागलं की आधी ठसकते, हे मी सांगितलं. त्यांचं म्हणणं, दूध जोरात येतंय, ती घाईनं गिळते, सोबत हवाही गिळते. मागे रेलून बसा, तिला वर पोटावर घ्या, थोडं थोडं पाजा, मध्ये ढेकर काढा, नंतर जरा वेळ उभी धरा. झोपवायचं मात्र पाठीवरच. "आणि चौदा तारखेला शनिवारी परत वजन. तोवर फक्त अंगावरचं. तेव्हाही काटा हलला नाही, तर वरचं दूध जोडायचा विचार करू."

एवढं सगळं बोलणं झालं, त्यातलं सासूबाईंनी ऐकलं फक्त शेवटचं! येताना औषधाच्या दुकानात थांबल्या आणि बाळाच्या दूध-पावडरचा डबा घेऊन बाहेर आल्या. "असू दे घरात. अडीअडचणीला."

आता तो ओट्यावरच्या फळीवर आहे. त्याच्यावरचं गुबगुबीत बाळ माझ्याकडे बघून हसतं. मला ते बाळ आवडत नाही.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

नवऱ्यानं आज मदत केली. देवा, त्याला पुन्हा मदत करायची बुद्धी देऊ नकोस!

सगळी दुपटी, लंगोट, माझे गाऊन – एका मोठ्या पातेल्यात घालून उकळले. उकळले! लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, तारा-बटणांतली एवढी अक्कल, आणि दुधाचे कपडे उकळत्या पाण्यात? दुकानात शिकाऊ मुलीनं असं केलं, तर मला हे काम शिकवणारे उस्ताद तिला आठवडाभर नुसत्या हँगरना हात लावू देतात. दूध आधी गार पाण्यात. गरम पाण्यात डाग शिजतो आणि कापडात घर करून बसतो.

"अगं, जंतू मरतात ना!" म्हणे.

"जंतू मेले. डाग अमर झाला."

पिवळे नकाशे पडलेत दुपट्यांवर. तो बिचारा ते दोरीवर वाळत घालत होता तेव्हा पाठमोरा इतका दमलेला दिसला, की मीच जाऊन चहा दिला. त्यालाही झोप नाहीच.

शनिवार, ७ नोव्हेंबर

मागे रेलून पाजलं. ठसकली नाही!! पहिल्यांदाच!

गुळणी आलीच. पण बारीकशी. दिवाणावरच्या सगळ्या उश्या पाठीला लावून राणीसारखी पसरले होते, तशीच पडून राहिले. ती छातीवर उपडी, बेडकासारखी. जागी होती आणि माझ्याकडे बघत होती. खूप, खूप बरं वाटलं.

रविवार, ८ नोव्हेंबर

आज वाईट दिवस.

सकाळपासून ओघळतंय नुसतं. सासूबाईंचं "सगळं काढलं" किती वेळा झालं, देव जाणे. शेवटी मी म्हटलं, "आई, गुळणी आहे ती. डॉक्टर म्हणाल्या ना." तर म्हणाल्या, "माझा मुलगाही असाच ओकायचा. भरभरून. डब्याचं सुरू केलं, झाला ना ताडमाड? काही बिघडलं?" आणि उठून दोरीवरचे कपडे काढायला गेल्या. कपडे अजून ओले होते. एरवी सासूबाईंना भाजी आणली हे सांगायलाही अर्धा तास लागतो, मग इथे दोन वाक्यांत कशा उरकल्या कोण जाणे.

नंतर नवरा दबक्या आवाजात – "एकच बाटली देऊन बघायची का?"

तूसुद्धा!

मी नको नको ते बोलले. तो माझ्या खांद्यावरचं ओलं दुपटं बदलत राहिला. मग म्हणाला, "दूध कमी आहे म्हणून नाही म्हणत गं. तू दमलीस म्हणून म्हणतोय."

त्यानं जास्त रडू आलं. डब्याच्या दुधानं मुलं वाढतात, छान वाढतात, मला माहीत आहे. घरातच सहा फुटांचा पुरावा हिंडतोय. ज्यांना द्यायचं त्यांनी खुशाल द्यावं. पण मला पाजायचंय. ती मुठी आवळून येते आणि पिता पिता बोटं एकेक करून उघडते, ते मला बघायचंय. आणि ते सोडायचं तर खरोखर दूध कमी पडतंय म्हणून सोडेन. खांद्यावरचा डाग मोठा दिसतो म्हणून नाही!

– हे आत्ता लिहिलं आणि थांबले. डाग मोठा दिसतो म्हणून.

मी डागवाली ना?

मंगळवार, १० नोव्हेंबर

हा हा हा! आजचा दिवस सोन्यानं मढवून ठेवावा!

परवा ते वाक्य लिहिल्यापासून उस्ताद डोक्यात बसलेत. दुकानात गिऱ्हाईक कोट पुढे करतं – "अख्खा कप कॉफी सांडली हो!" ते गेलं की उस्ताद डागाकडे बघून म्हणतात, "दोन घोटसुद्धा नाहीत. डागावरून सांडलेलं मोजू नये, कापड पसरवून सांगतं." शिकले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे शिकले. हजारदा नव्या मुलींना शिकवलं. आणि स्वतःच्या खांद्यावर डाग पडला तर मीसुद्धा गिऱ्हाइकासारखी बोंबलतेय!

तर आज नवरा दुपारी जेवायला आला. कारंजं पाळण्यात गाढ. मी खोलीचं दार लोटलं, चमच्यात अंगावरचं दूध काढलं आणि खांद्यावरच्या दुपट्यावर ओतलं. पसरलं, पसरलं, चांगलं तळहाताहून मोठं! मग बाहेर येऊन चेहरा पाडून उभी राहिले.

"काढलं बघा."

सासूबाईंनी पोळीवरचा हात थांबवला. "अगं बाई! सगळं काढलं की! अर्धी वाटी तरी असेल!"

नवरा वाकून तज्ज्ञासारखा बघतोय. "अर्धी कसली, पाऊण."

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की म्हणजे काय! निथळतंय बघ."

मी पाठीमागचा हात पुढे केला. चमचा! "एवढं होतं. हा एक चमचा, तोही सपाट. मी ओतलाय. तुमची नात कधीची झोपलीय!"

नवरा आधी चमच्याकडे, मग दुपट्याकडे, मग पाळण्याकडे. आणि मग असा हसत सुटला की त्याला उचकी लागली. "पाऊण वाटी!" स्वतःलाच टपली मारत होता. मीही हसले. किती दिवसांनी पोट धरून हसले! म्हणजे ती पिते ते राहतं. राहतं तिच्या पोटात! चमचाभर परत देते, बाकी सगळं ठेवून घेते, लबाड!

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी दुपटं माझ्या खांद्यावरून काढून घेतलं, उजेडात धरलं. "हा एकच चमचा?"

"एकच, आई. हवं तर पुन्हा ओतून दाखवते."

"नको."

दुपटं नेऊन भिजत टाकलं – गार पाण्यात, हे मी पाहिलं – आणि आत जाऊन पडल्या. पोळी अर्धीच राहिली.

हरल्याचा राग आला असेल. येऊ दे! आज मी कुणाला ऐकत नाही!

गुरुवार, १२ नोव्हेंबर

"सगळं काढलं" बंद. काल नाही, आज नाही. गुळणी आली की सासूबाई मुकाट्यानं कापड पुढे करतात.

मला हेच हवं होतं ना? पण घर कसंनुसं वाटतंय. मी जरा जास्तच चमचा नाचवला का? नवरा म्हणतो, वजनाच्या काळजीत असेल आई.

वजनाच्या काळजीत तर मीही आहे. चमचा काहीही म्हणो, खरं काय ते काटाच सांगणार.

शनिवार, १४ नोव्हेंबर

काटा हलला! हलला कसला, पळाला!!

तिथल्या नर्सनं तिला उघडी करून काट्यावर ठेवलं. मी डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वळ उठला. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज – "अरे वा!"

मी म्हटलं, पुन्हा म्हणा. त्यांनी पुन्हा म्हटलं! भरपाई करून वर वाढलीय म्हणे. वरच्या दुधाचं मी विचारलं तर म्हणाल्या, "कशाला? हे काय कमी आहे?" रेलून पाजणं चालू ठेवा, गुळण्या अजून काही महिने येतील, आपल्या आपण जातील. कपडे मात्र धूत राहा.

आणि तेवढ्यात, त्यांनी तिला उचललं आणि कारंज्यानं त्यांच्या पांढऱ्या कोटावर आपली सही ठोकली. "बाप रे, सगळं काढलं वाटतं!" डॉक्टरीणबाई गमतीनं म्हणाल्या.

"चमचाभर," मी म्हटलं. "गार पाण्यात टाका. लगेच. गरम अजिबात नाही!"

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. घरी येताना मी अशी चालले की समोरची माणसं आपणहून बाजूला होत होती. नवऱ्याला फोन केला तर तो कुठल्या तरी लिफ्टच्या खड्ड्यात होता. तिथून ओरडला, आवाज घुमला – मला तर अख्खी इमारतच ओरडल्यासारखी वाटली!

रविवार, १५ नोव्हेंबर

डबा फळीवरून कपाटात. अगदी मागे. गुबगुबीत बाळाचं तोंड भिंतीकडे. "चहात घालू," नवरा म्हणतो.

सोमवार, १६ नोव्हेंबर

दुपारी पाणी प्यायला गेले. सासूबाई स्वयंपाकघरात टेबलापाशी, माझ्याकडे पाठ करून. समोर घडी मोडलेलं जुनं दुपटं, हातात चमचा. पातेल्यातलं दूध चमच्यात घेतलं, दुपट्यावर ओतलं आणि ते पसरताना बघत बसल्या. माझी चाहूल लागली तरी वळल्या नाहीत.

"एवढंच असायचं गं त्याचंही. भरभरून नव्हतंच. सगळे म्हणाले, तुझं दूध पचत नाही पोराला, तोड. मी तोडलं. आठवडाभर छाती बांधून रडत होते."

 मी आत जाऊन नुकतंच पाजलेलं कारंजं आणलं आणि त्यांच्या खांद्यावर ठेवलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. ढेकर आला, आणि ढेकरापाठोपाठ गुळणी, लुगड्यावरून खाली.

"चमचाभर," सासूबाई म्हणाल्या. मी कापड पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.