आष्टीच्या कॉम्प्युटरचा कूलर

बाई, आज एका कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर कूलरखालची पेस्ट लावताना तुमची फार आठवण आली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी लिहायला बसलोय.

माझं जालन्यातलं कॉम्प्युटरचं दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. दुकान बसस्टँडच्या मागं, वर पत्रे. आष्टीच्या शाळेत तुम्ही मला विज्ञान शिकवलेलं, आणि त्याच शाळेला तिचा पहिला कॉम्प्युटर मी बसवून दिला होता. एप्रिलमध्ये तुम्ही त्याचाच डबा, कॅबिनेट, चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आलात. घामानं डबडबलेल्या. पाणीसुद्धा न पिता म्हणालात, "अर्ध्या तासात आपोआप बंद पडून राह्यलाय. मुख्याध्यापक म्हणतात, कपाटात ठेवून कुलूप लावा. पोरींना कॉम्प्युटर शिकायला पाठवा म्हणून मी घरोघर जाऊन त्यांच्या आयांना तयार केलंय. सोमवारी वर्ग भरलाच पाहिजे."

मी झाकण काढलं. प्रोसेसरवरचा फॅन धुळीनं जाम झाला होता. "बाई, फॅन आन् त्याच्याखालचा धातूचा ठोकळा, आख्खा कूलरच बदलावा लागंल," मी म्हणालो. तुम्ही हसलात. "शाळेत माणसाला कूलर न्हाई, आन् मशीनला पाहिजे!" मी लगेच दुकानातला सगळ्यात भारी कूलर काढला. तांब्याचा, वजनदार. तुमच्यासाठी चांगलंच द्यायचं, हे खरं. पण तुमच्यापुढं मिरवायचं होतं, हेही खरं. तुम्ही तो हातात तोलला आणि विचारलंत, "हा प्रोसेसर किती वॅट खातो?"

मी कूलरचा खोका उलटापालटा करून बघायला लागलो.

"माहीत न्हाई, आन् कूलर निवडून राह्यलास?" तुमचा आवाज वर्गातलाच. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, माझे कान तापले. मग तुम्ही स्टुलावर बसून माझ्याकडून माहितीपुस्तक शोधून घेतलंत. जेमतेम तीस वॅट. "म्हणजे चाळिसाच्या बल्बएवढीसुद्धा उष्णता न्हाई. तेवढी बाहेर काढायला हे धूड कशाला? याचं सगळं वजन त्या पातळ बोर्डावर येणार."

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. ॲल्युमिनियमचे तीन साधे, स्वस्तातले कूलर तुम्ही टेबलावर ओळीनं मांडताय. एकेक उलटा करून खालच्या बाजूला पट्टी टेकवून बघताय, तळ बराबर सपाट आहे का. एकाच्या खाली फट दिसते, तो बाजूला. उरलेल्या दोन्हींचे फॅन मला वायर लावून फिरवायला सांगताय आणि कान जवळ नेताय. एक घरघरतो. "हा न्हाई चालणार. मागच्या बाकावरच्या पोरीला माझं बोलणं ऐकू यायला पाहिजे." तिसऱ्याचे स्क्रू मोजताय. चार. "फॅन बिघडला तर तेवढाच काढून दुसरा लावता येतो ना? मंग हाच."

मी पेस्टचा गोळा दाबणार तेवढ्यात तुम्ही हात धरलात. "पातळ. प्रोसेसर आन् कूलरच्या मधली हवा फक्त जायला पाहिजे." मशीन चालू करून तुम्ही तिथंच बसलात. भर दुपार, वर तापलेले पत्रे, माझा पंखासुद्धा गरम हवा फेकत होता. तुम्ही पिशवीतून उत्तरपत्रिका काढून तपासत राहिलात आणि मधूनमधून मला पडद्यावर दिसणारं प्रोसेसरचं तापमान विचारलंत. ते पन्नास अंशांच्या थोडं वर चढलं आणि तिथंच थांबलं. तीन तासांनी तुम्ही उठलात. "हितं टिकला म्हणजे आष्टीत टिकंल." तेव्हा कुठं पाणी प्यायलात.

सोमवारी वर्ग भरला. तो कॉम्प्युटर पुढं सहा वर्षं चालला. एकदा फॅन बदलला, तोही तुमच्या वर्गातल्या एका मुलीनं, स्वतः स्क्रू काढून. त्या दिवशी शाळेतून फोन करून तुम्ही मला ते किती आनंदानं सांगितलं होतंत!

बाई, तुमच्या आयुष्यात तोवर एकच कॉम्प्युटर आला होता. माझ्या हाताखालून कितीतरी गेले होते, पण विचार करून निवडलेला एकही नव्हता. वस्तू कशासाठी पाहिजे हे आधी विचारायचं, हा धंदा मी त्या दुपारी शिकलो.

हे पत्र कुठं टाकायचं, मला माहीत नाही, ड्रॉवरमध्येच राहील. पण एक सांगून टाकतो. लोक कौतुकानं विचारतात, "हे सगळं शिकलात कुठं?" मी तुमचं नाही, औरंगाबादला केलेल्या कोर्सचं नाव सांगतो. परवाही तेच सांगितलं.