सेहेचाळीसच्या आत

१२ ऑगस्ट, सोमवार
गौरी सकाळी रिकाम्या पोटी ४९.६ किलो. जूनमध्ये ५१ च्या वर होती.
शाळेतले पीटीचे दुबे सर कारखान्याच्या गेटवर उभे, माझी शिफ्ट सुटायची वाट बघत. म्हणाले, "वानखडे जी, उनचास में तो पायल जाएगी. नेशनल खेली हुई लड़की है, उसको कैसे हटाऊँ? गौरी को छियालीस में ले आओ, जगह खाली है." कुस्तीत एका वजनात शाळेची एकच मुलगी, असा नियम. म्हणजे ४६ मध्ये बसायला साडेतीन किलो टाकायचे. अकरावीतली पोर, हाडं माझ्यासारखी रुंद. काढायचं कुठून?
तिला विचारलं. "करते ना बाबा." विचारसुद्धा केला नाही. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मी कुस्तीवरच इथे हिंदी मुलखात कारखान्याला लागलो, खेळाडूंच्या कोट्यात. नाहीतर अमरावतीला मामाच्या दुकानात पुड्या बांधत बसलो असतो.

१९ ऑगस्ट, सोमवार
४९.१.
अडचण नीताची. लेकीच्या ताटात अर्धी पोळी उरली तरी हिच्या कपाळावर आठ्या. गौरी ४९ मध्येच खेळते असं तिला वाटतंय, तसंच वाटू दे.
आज श्रावणी सोमवार. गौरी सहज म्हणाली, "आई, मी पण धरते." नीता इतकी खूश झाली की मला एकदम सुचलं. उपवासाला कोणी 'का खात नाहीस' विचारत नाही. संध्याकाळी ग्राउंडच्या कठड्यावर बसून बापलेकीने यादी केली. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी.
गौ. : "देवाला कळलं तर?"
मी : "देव काय वजनकाटा घेऊन बसलाय?"
दोघं खूप हसलो. साबुदाण्याच्या खिचडीचं काय करायचं तेही ठरलं. डब्यात भरून शाळेत न्यायची. पायल खाते म्हणे आवडीने.

८ सप्टेंबर, रविवार
४८.२. गणपतीचा दुसरा दिवस.
मोदक हातात घेतला, वास घेतला, माझ्या ताटात ठेवला. नीता स्वयंपाकघरात होती.
स्वेटरवर रेनकोट घालून ग्राउंडच्या दहा फेऱ्या. भट्टीवर आमचा माणूस एका शिफ्टमध्ये दीड किलो सहज टाकतो आणि दोन ग्लास ताकात परत मिळवतो. घामाचं वजन उधारीचं, हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे. दुबे सरांना काय कळतंय, व्हॉलीबॉलवाला माणूस. गणित माझं पक्कं आहे. अन्न कमी करून ४७.५ पर्यंत आणायचं, उरलेलं शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडून.

२१ सप्टेंबर, शनिवार
जिल्हा स्पर्धा. ४५.९. बसली.
पण मी गाढव आहे. आमच्या वेळी वजन आदल्या संध्याकाळी व्हायचं. मग रात्रभर खा, प्या, झोपा, सकाळी उभे राहा. माझं सगळं गणित त्यावर होतं. तिथे गेलो तर आजच सकाळी आठला वजन, दहाला कुस्त्या. दुबे सर : "नियम तो कब का बदल गया. आपको नहीं पता?" नाही पता. वजन घेणारा पंच म्हणाला, पोरांनी पाणी तोडू नये म्हणूनच बदललाय. माझ्याकडे बघत नव्हता, तरी मला वाटलं मलाच सांगतोय.
दोन तासांत पाणी, केळं, ग्लुकोज. सगळं ओकली. समोर दोनच मुली होत्या, दोघीही कच्च्या. जिंकली.
घरी नीताने दृष्ट काढली. राज्य स्पर्धा महिन्याभराने उज्जैनला.

३ ऑक्टोबर, गुरुवार
४७.७. घट बसले. गौरीने नऊ दिवस धरलेत. नीता महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सांगून आली, आजकालच्या मुली करतात का असं? जोशीकाकूंनी येऊन गौरीला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, हात किती गार गं.
पंखा बंद करून बसते आजकाल. बाथरूमच्या जाळीत केसांचा पुंजका होता. मीच काढून टाकला, नीताच्या आधी.

९ ऑक्टोबर, बुधवार
नीताला कळलं. कसं, ते लिहून ठेवतो.
घट बसायच्या आधी तिने गौरीला विचारलं होतं, नऊ दिवसांत तुझी अडचण तर येणार नाही? गौ. म्हणाली नाही. आज माळ बदलताना नीता म्हणाली, देवीचीच कृपा, एकदाही मध्ये आलं नाही. मग तिचा हात तसाच राहिला. गणपतीतही आलं नव्हतं. मंगळागौरीलाही नाही. बोटांवर मोजत गेली. आषाढात आली होती पाळी, त्यानंतर नाहीच.
दार लावून घेतलं. बाहेर ऐकू येत होतं. आईच ती, आधी नको तीच शंका आली. "कोणी मुलगा आहे का? मला सांग, मी रागावणार नाही." आधी गौरीचं हसणं आलं, मग रडणं. मग तिने सगळं सांगितलं. पायल, खिचडी, यादी.
नीता बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "तुम्ही देवाचं नाव घेऊन माझ्या मुलीला उपाशी ठेवलंत. आणि मी गावभर कौतुक सांगत फिरले."
 

१० ऑक्टोबर, गुरुवार
टाउनशिपच्या हॉस्पिटलात. लेडी डॉक्टर आधी गौरीशी एकटीशी बोलल्या, मग आम्हाला आत घेतलं. रक्त कमी. शरीर बंद करायला लागलंय, आधी जे नसलं तरी चालतं ते बंद करतं. "खाना दीजिए, और यह सब रोकिए." मी विचारलं, अठरा तारखेला स्पर्धा आहे, त्यानंतर थांबलं तर? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नीता उठून बाहेर गेली.

१२ ऑक्टोबर, शनिवार
४७.२. दसरा. सोनं वाटलं. नीता माझ्याशी बोलत नाही, निरोप गौरीमार्फत.
मी नाही म्हणायला हवं होतं. गौरी म्हणाली, "बाबा, एवढी एक. इतकं केल्यावर आता सोडू?" मी नीताला तेच सांगितलं, एवढी एक. तिने ऐकून घेतलं. "काही झालं तर मला फोन करू नका, तुम्हीच निस्तरा," म्हणाली आणि पिशवीत खजूर भरून दिले.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार, उज्जैन
पहाटे ४६.३. रेनकोट, दोरीच्या उड्या. तोंडात थुंकी येईना म्हणून चिंचेचं बुटुक चघळायला दिलं, मी, माझ्या हाताने. सव्वाआठला काट्यावर ४६.०. पंचाने पेनाने खूण केली. तिचे ओठ पांढरे होते.
पहिली कुस्ती गुणांवर जिंकली. दुसरीत चांगली चालली होती, चार-दोन. मग उजव्या पायात गोळा आला, मग डाव्या, मग पोटात. मॅटवर वाकडी होऊन पडली, बोटंसुद्धा वाकलेली. समोरची मुलगी घाबरून मागे सरकली. माझ्या डोळ्यांदेखत पोर पडली आणि मी कोपऱ्यातून "उठ, गौरी, उठ" ओरडत होतो. ते मी ओरडलो.
दोन सलाईन. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "वजन किती भरेल आता?" नीताला फोन केला. ती म्हणाली, "येते." बाकी काही नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार
दुबे सर घरी आले. नीताने चहा दिला, बसली नाही. "लड़की में दम है, वानखडे जी. अगले साल छियालीस में पक्का मेडल." ओपन स्पर्धांचा फॉर्म आणला होता, पालकांच्या सहीचा.
मी म्हटलं, नाही खेळणार ती. छियालीसमध्ये नाही, कशातच नाही. सर म्हणाले, एक हार से? मी म्हटलं, हार माझी आहे, तिची नाही. फॉर्म परत दिला. 
गौरीला वाईट वाटेल, भांडेल, असं धरून चाललो होतो. तिने मान हलवली. "ठीक आहे बाबा." मग आपल्या खोलीत गेली. मला वाटलं, सुटलो.

३१ ऑक्टोबर, गुरुवार
नरक चतुर्दशी. आंघोळी झाल्या, फराळाला तिघं एकत्र बसलो. बऱ्याच दिवसांनी. नीताने चकल्या, करंज्या, चिवडा, सगळं मांडलं. मला वाढलं. माझ्याशी बोललीसुद्धा, "चहात साखर हवी का?" वातावरण हलकं होतं.
गौरीने करंजी घेतली. दोन तुकडे केले. त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. सारण बाजूला काढून कडेचा पापुद्रा तेवढा खाल्ला. मग पाण्याचा ग्लास उचलला, प्यायच्या आधी हातात तोलून बघितला आणि ठेवून दिला.
मी म्हटलं, "गौरी, आता स्पर्धा नाही, कॅटेगरी नाही. खा बाळा."
"खाल्लं ना बाबा. पोट भरलं."
लबाडी नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.
नीताने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात, आता काय करायचं असं विचारत होती. वजन उतरवायचे दहा प्रकार मला येतात. चढवायचा एकही कधी शिकलो नाही, मला कधी लागलाच नाही.
सोमवारी साडेनऊला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी सुट्टी टाकलीय. गौरीला सांगितलं. तिने उठून पंखा बंद केला. आत जाऊन स्वेटर घालून आली.