सासूबाईंची देवी आणि माझा अंगठा

२३ एप्रिल २००४
नांदेडच्या डॉक्टरांनी चक्करेच्या गोळ्या बंद केल्या! वर्षभर भिंत धरून चालतेय, आणि म्हणे व्यायाम करा. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर त्यावर, मान डावीउजवीकडे हलवायची. "गरगरलं तरी थांबू नका, त्यानंच सवय होते." जूनमध्ये फळ्यापुढे उभी राहिले नाही, तर आमचे हे नोकरी सोडायला लावणारच. "घरी राहा, आईला मदत होईल." आईला मदत! त्यापेक्षा चक्कर परवडली.

२५ एप्रिल
केला. उलटी झाली. डॉक्टरचं तळपट होवो!

२७ एप्रिल, मंगळवार
अंगणात मान हलवत बसले होते. शेजारची जिवनबाई आली आणि चक्क माझ्या पाया पडली! "तुमच्या बी अंगात येऊन राहिलं व्हय? माझ्या सुनेला लेकरू कवा होईल, सांगा." मी ओरडले, अहो, व्यायाम आहे हा! "देवी अशीच खवळत असती," म्हणाली, आणि कुंकू फासून, नारळ ठेवून गेली.

सासूबाई दारातून बघत होत्या. दर मंगळवारी आरतीला त्यांच्या अंगात येतं, सारं साखरा गाव गोळा होतं. संध्याकाळी ताटात भाकर आपटली. "एका घरात दोन देव्या न्हाई नांदत. ही थेरं बंद कर."

थेरं म्हणे! नाटकी म्हातारी.

२ मे
न्हाणीत कडी लावून करते, तर म्हातारी बाहेरून दार बडवते. ह्यांना सांगितलं. "आईचं ऐकलं तर काय बिघडतं?" माझं काय बिघडतं, ते ह्यांना कधी कळलंय?

८ मे
तोल सांभाळायचा व्यायाम: पायाखाली गोधडीची घडी, डोळे मिटून उभी. पडले नाही! मग विहिरीपर्यंत एकटी जाऊन आले. घरात कुणाला सांगितलं नाही. कशाला सांगू?

११ मे, मंगळवार
मुद्दाम आरतीला पुढे बसले, सोंग जवळून बघायला. म्हातारीनं देवीपुढे मान खाली घातली, वर केली, आणि डुलायला लागली. बुबुळं एका बाजूला भराभर उडत होती. चक्कर आली की माझीही अशीच उडतात, डॉक्टरांनी ह्यांना दाखवली होती. असं कुणाला मुद्दाम करता येत नाही. बायका पायावर डोकं ठेवत होत्या, आणि हिचा हात मागे भिंत चाचपत होता.

१२ मे
सकाळी म्हटलं, आई, तुम्हालाही चक्करच येते. बसा माझ्याजवळ, धरा अंगठा. मग म्हणाल्या, "व्हय, गरगरतंच. लगीन झाल्यापासून. पर बरी झाले, तर मंगळवारी मला कोन इचारील?"