पिस्ता रंगाच्या रायफलीवरचा अंगठा

आदरणीय दादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे तुमच्या एकुलत्या एक मेहुण्याचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात स्वच्छ धुतलेले आहेत. हे मुद्दाम का लिहितो ते पुढे कळेल.) दिवसभर भिंगातून लोकांच्या बोटांचे ठसे बघून तुमचे डोळे शिणतात असं वहिनींनी कळवलं, तेव्हापासून आम्हाला काळजी लागली आहे. इतकी वर्षं पोलीस खात्याची सेवा केलीत, आता थोडे दिवस तरी भिंगाला हात लावू नये असं माझं मत आहे. (मी डॉक्टर नाही, पण मत आहे.) इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे आता आहे. मधे नव्हतं, आणि त्याला कारण झाली बाबांची, म्हणजे आमच्या सासरेबुवांची, रायफल.

खांदा दुखावल्यापासून बाबा स्वतः नेम धरत नाहीत हे तुम्ही जाणताच. रायफल त्यांनी तुमच्या बहिणीकडे सोपवली आणि स्वतःकडे दुर्बीण ठेवली. ती क्लबच्या मैदानावर पालथी पडून गोळी झाडते, आणि बाबा तिच्या मागे घडीच्या खुर्चीत बसून, गोळी निशाणावर कुठे लागली ते घड्याळाच्या हिशेबाने सांगतात. 'चार' म्हणाले की उजवीकडे खाली, 'दहा' म्हणाले की डावीकडे वर. काहीच बोलले नाहीत तर समजायचं, मधोमध. बाबांच्या गप्प बसण्याने माणसाला आनंद होतो अशी जगात ही एकच जागा आहे. (घरातही हा आनंद मिळावा, ही सासूबाईंची जुनी इच्छा.) मागे एकदा बाबा तापाने घरी राहिले, तर हिच्या गोळ्या अशा विखुरल्या की ते निशाण कुणी चाळणी म्हणून घरी नेलं असतं. तेव्हा येत्या रविवारी नेमबाजी स्पर्धेच्या अंतिम फेरीला बाबा मागच्या खुर्चीत हवेत, एवढं एकच आमच्या घरचं मागणं होतं.

आणि नेमकं त्याच वेळी नळीवर गंज दिसला. तुमच्या बहिणीच्या तळहाताला घाम फार. क्लबच्या बंदुका दुरुस्त करणारे उस्ताद आहेत, त्यांच्याकडे रायफल नेली. ते म्हणाले, आता तेलपाण्याने भागायचं नाही, संरक्षक लेप द्यावा लागेल. सगळे भाग सुटे करून वर लेप फवारायचा आणि भट्टीत भाजून काढायचा, मग घामाची बिशाद नाही. फक्त रंग कोणता ते सांगा. असं म्हणून त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यासारखा नमुन्याच्या रंगीत पट्ट्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. तो मी घरी आणला, ही माझी पहिली चूक.

बाबांचं म्हणणं, निवडायचं काय त्यात? दूध पांढरं असतं, रायफल काळी असते. तुमच्या बहिणीने पट्ट्या खिडकीशी धरून, डोळे बारीक करून, शेवटी पिस्ता रंगावर बोट ठेवलं. तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. काळी नळी उन्हात तापते, तिच्यावरची हवा थरथरायला लागते आणि समोरचं निशाण नाचतं. फिका रंग कमी तापतो. बाबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रायफल आहे की आईस्क्रीम?" पिस्ता रायफलीच्या मागे आपण बसणार नाही, असं जाहीर करून त्यांनी दुर्बीण कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. (रायफलीच्या परवान्यात रंगाबद्दल काही लिहिलं आहे का, तेही त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. नाही लिहिलेलं.) तुमची बहीणही तुमच्याच घराण्यातली. तिने रंग बदलायला नकार दिला आणि बाबांशी बोलणं माझ्यामार्फत सुरू केलं. बाबा समोर बसलेले असताना मी त्यांना सांगायचं की मीठ पुढे करा.

मला दोघांचंही पटत होतं. सकाळी बाबांबरोबर फिरायला जाताना काळा रंग मला पटायचा, संध्याकाळी स्वयंपाकघरात पिस्ता. मग मी तोडगा काढला की नळी काळी ठेवू आणि बाकीची पिस्ता करू. त्यावर कित्येक दिवसांनी बापलेकीचं एकमत झालं, ते माझ्या अकलेबद्दल. सासूबाईंनी मात्र प्रत्यक्ष परीक्षा घेतली. त्यांनी पट्ट्या काथ्याने खसाखसा घासल्या आणि पिस्ता पट्टीने तव्यावरचं ऑम्लेट उलटवून पाहिलं. बाबांनी ते खाऊन वर तारीफ केली. सासूबाई म्हणाल्या, "पिस्ताच द्या. याला काही म्हणता काही चिकटत नाही. यांचं बोलणंही चिकटायचं नाही."

झालं, तुमच्या बहिणीने उस्तादांना परस्पर कळवून टाकलं. बाबांना हे समजताच त्यांनी काठी उचलली आणि मला बरोबर घेऊन थेट उस्तादांचा कारखाना गाठला. पण उशीर झाला होता. रायफलीचे सगळे भाग तारांना टांगलेले, नुकतेच फवारलेले, ओलेचिंब पिस्ता, भट्टी तापायची वाट बघत लोंबत होते. वर पाटी: 'रंग ओला आहे, हात लावू नये.' दादा, आता तुमच्या घराण्याबद्दल मी तुम्हाला काय सांगावं? इतरांना ही पाटी म्हणजे इशारा, तुम्हाला आमंत्रण. आमच्या लग्नात रंगवलेल्या फाटकावर तुमचा, हिचा, सासूबाईंचा, बाबांचा, सगळ्यांचे अंगठे आजही ओळीने दिसतात. मी बाहेरचा. खरंच ओला आहे का ते बघायची ही ओढ मला इतक्या वर्षांत कधी कळली नाही. बाबा भांडायला आले होते ते विसरले. त्यांनी पाटी मोठ्याने वाचली आणि नळीवर अंगठा ठेवला.

उस्ताद धावत आले. त्यांनी नळी पुसून पुन्हा फवारली, बाबांना दाराबाहेर स्टुलावर बसवलं, मला पहाऱ्यावर ठेवलं आणि भट्टी बघायला गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे रायफल आणायला गेलो तर उस्ताद कपाळाला हात लावून बसलेले. चापाच्या वरच्या बाजूला एक ठसठशीत अंगठा पक्का भाजून निघाला होता. उस्ताद म्हणाले, "बाबा, दोनदा?" बाबा क्षणभर गोंधळले, मग स्वतःबद्दल काहीही खरं असू शकतं याची खात्री असलेल्या माणसासारखे हसले. लेप खरवडून पुन्हा द्यायचा, तर रविवार हुकला असता. तुमच्या बहिणीने रायफल उचलून खांद्याला लावली. तिचा अंगठा बरोबर त्या ठशावर आला. ती म्हणाली, "राहू द्या, मला हवाय तो तिथे."

बाबा काही बोलले नाहीत. (म्हणजे मधोमध.) घरी येताना एकदम म्हणाले की रंग तसा डोळ्याला थंड आहे. आल्या आल्या कपाट उघडलं. काल सरावाला ते मागच्या खुर्चीत होते आणि इतका वेळ गप्प बसले की चहावाला चौकशी करून गेला. आता येणाऱ्याजाणाऱ्याला ते रायफल दाखवतात आणि ठशावर अंगठा टेकवून म्हणतात, "बघा, कसा फिट बसतो."

तरी रविवारी वहिनींना घेऊन जरूर यावं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
मेहुणा

ता. क. तुम्ही आलात की बाबा आधी रायफल पुढे करतील आणि म्हणतील, तू ठशांतला जाणता, सांग बघू कुणाचा. म्हणून विनंती की भिंग घरीच ठेवून यावं, आणि नुसत्या डोळ्यांनी बघून 'बाबांचाच' म्हणावं. बाबांचा ठसा उस्तादांनी पुसला, ते मी स्वतः पाहिलं. त्यानंतर बाबा स्टुलावरून हललेच नाहीत, कारण त्यांच्यावर पहारा माझा होता. माझ्यावर कुणाचा नव्हता. खरंच ओला होता हो, दादा.

आणखी ता. क. तुमच्या बहिणीने हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणते, तिला त्याच संध्याकाळी कळलं होतं. माझा कान पिस्ता रंगाचा होता.

शेवटचं. पत्र पेटीत टाकायला बाबा निघाले आहेत. पाकिटाचा डिंक अजून वाळलेला नाही, असं मी त्यांना सांगितलं आहे. त्यावर जो ठसा दिसेल, तो मात्र नक्की बाबांचा.