फटफटीची खिटी

बाबा, माझ्या नातवाने नवी फटफटी आणली आहे, थेट तुमच्या मिलिटरी लिलावातल्या गाडीसारखी. टाकी तशीच गोल, दिवा तसाच डोळे वटारलेला. आम्ही म्हाताऱ्या केस काळे करून जवान दिसू पाहतो, आणि ही पोरं कोऱ्या गाडीला म्हातारीचं सोंग देतात. चौघं मिळून मेळघाटात फिरतात, आणि आवाज जुन्यासारखा येतो का ते मलाच विचारतात. पण बटण दाबलं की सुरू होते, बाबा. हँडलवर ठिणगी मागेपुढे करायची खिटीच नाही. मग शेजारी पोरगी उभी करायची कशाला?

तुमची खिटी माझ्या हातात होती. नऊ वर्षांची मी, बडनेऱ्याच्या आपल्या अंगणात. टाकीवर बसवून तुम्हीच शिकवलं, "मांगं घेतली त गाडी मुकाट्यानं किक घेते. पुढं राह्यली त उलटी लाथ मारते, घोड्यावानी. समजलं काय वं?" अक्षर शिकवलं नाही, एवढं शिकवलं. रेल्वेतले फिटर तुम्ही. गाडी मऊ फडक्याने पुसायचे आणि तिचीच जुनी साखळी आईच्या पाठीवर चालवायचे.

त्या दुपारी वरणात मीठ कमी पडलं. साखळी आईच्या कपाळावर बसली, भुवई फाटून डोळ्यावर लोंबली. रक्त चुलीत पडून चर्र झालं. तुम्ही परत हात उचलला तशी ती मागच्या दारातून पळाली, स्टेशनाकडे. अकोल्याला मामा होता, पॅसेंजर यायची होती. तुम्ही साखळी गळ्यात टाकली.

"आज तिले जित्ती नाही सोडत. खिटी घे वं!"

मी उभी आहे. अंगठा खिटीवर आहे. मी ती पुढे लोटते.

अंगातला सगळा राग पायात आणून तुम्ही किक मारली, आणि गाडीने ती परत केली. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. नडगीचं हाड पायजमा फाडून बाहेर आलं. मातीत लोळत तुम्ही विचारलं, "खिटी मांगं घेतली होती ना?"

"हो, बाबा."

तिकडे पॅसेंजरने शिट्टी दिली.

तुम्ही माझं खरं मानलं. कुबडी घेऊन उठलात ते हातोडा घेऊनच. रोज अंगणात जायचे आणि गाडीला मारायचे. आधी दिवा फोडला, मग टाकी चेपली. "दगाबाज! माहा पाय खाल्ला हिनं." वर्षभराने मामा मलाही घेऊन गेला. आई अकोल्यात दीड भुवईने म्हातारी झाली, आणि चांगली खळखळून हसायची.

नात हे लिहून राहिली. "आजी, पत्ता काय टाकू?" म्हटलं, काही नको, घडी करून माझ्या लुगड्यात ठेव. तुमच्या पायाचं मला कधी वाईट वाटलं नाही, बाबा. आजही लोटीन. पण ती गाडी रोज माझ्या वाट्याचा मार खात होती, आणि मी आत भाकरी थापत ऐकत होते. एकदाही म्हटलं नाही, तिला सोडा.